जाड कडेची चपाती

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हातात ही लाकडी काठी घेऊन मी व्यासपीठावर आले, तेव्हा मागच्या रांगेतले दोघं-तिघं नकळत सरळ होऊन बसले. मी पाहिलं ते. तीस वर्षं झाली तरी शरीर विसरत नाही म्हणायचं! घाबरू नका, ही छडी नाही. दोन फूट लांब, फूटपट्टीसारखी चपटी आणि टोकाला पातळ केलेली ही काठी मी मिनेसोटाहून बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणली आहे. ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे. ती कशासाठी असते, हे सांगता सांगता मला जे बोलायचं आहे ते बोलून होईल.

संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला आहे. मी चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली अठरा अमेरिकेत. बरेचसे अनुभव एका खोलीत, एका पडद्यासमोर बसून आलेले आहेत. ते ऐकवले तर तुम्ही जेवणाआधीच उठाल. म्हणून फक्त एका दिवसाचं सांगते. शनिवार, ११ डिसेंबर २०१०.

आम्ही तेव्हा मिनियापोलिस शहरात राहत होतो. एकाच घराचे दोन भाग, मध्ये सामाईक भिंत. एका भागात मी, नवरा आणि दोन वर्षांची मुलगी. दुसऱ्या भागात एकोणऐंशी वर्षांच्या एक आजी, एकट्या. त्यांच्या आजी-आजोबांनी नॉर्वेहून येऊन मिनेसोटात शेती केली होती. एकोणिसाव्या शतकात तिकडून अशी हजारो कुटुंबं या भागात आली. माझी मुलगी त्यांना मराठीतच ‘आजी’ म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. मी म्हणाले, याचा अर्थ ग्रँडमा. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, तोंडावरून कळतं.

शुक्रवारी रात्री बर्फ पडायला लागला. शनिवारी सकाळी खिडकी उघडून बघावं तर समोरचा रस्ता नाही, रस्त्यावरच्या गाड्या नाहीत, फक्त पांढरे उंचवटे. त्या वादळात शहरात १७ इंच बर्फ पडला. आपल्या कराडच्या भाषेत सांगायचं तर गुडघ्याच्या जरा खाली. नवरा कामासाठी कॅलिफोर्नियात होता, त्याचं विमान रद्द झालं. दुपारी तर शहरातल्या बसही बंद केल्याचं टीव्हीवर सांगत होते.

सकाळी नऊच्या सुमारास आजींचा फोन आला. दर वर्षी ख्रिसमसच्या आधीच्या एका शनिवारी त्यांची मुलगी आणि नाती येऊन ‘लेफ्सा’ करत. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चार बायका मिळून फराळाला बसतात ना, तसंच. आज कुणीच येऊ शकत नव्हतं आणि आजींनी तर आदल्या रात्रीच दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो बटाटे उकडून ठेवले होते. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, लाटणं धरवत नव्हतं. त्या म्हणाल्या, “तू भारतातली. तुम्ही रोज लाटता ना? येतेस का?”

मी म्हणाले, “हो, येते.”

हे धादांत खोटं होतं. मला चपाती लाटता येत नव्हती. एकोणतीस वर्षांची, इंजिनीअर, एका मुलीची आई, आणि घरात चपाती यायची ती भारतीय दुकानातल्या फ्रीजरमधून, दहाच्या पाकिटात. पण भारताची अब्रू राखायची म्हणून ‘हो’ म्हटलं. फावड्यानं बर्फ बाजूला करत त्यांच्या दारापर्यंतची पंधरा पावलं चालायला मला वीस मिनिटं लागली. मुलगी कडेवर, लॅपटॉप जॅकेटच्या आत.

आता लेफ्सा म्हणजे काय ते सांगते, कारण इथे पुष्कळ जण आतापासूनच जेवणाचा अंदाज घेत आहेत. बटाटे उकडायचे आणि गरम असतानाच पुरणयंत्रासारख्या एका दाबयंत्रातून काढायचे, गुठळी राहता कामा नये. त्यात लोणी, साय, मीठ, थोडी साखर घालून ते रात्रभर गार ठेवायचं. मैदा मात्र सकाळी लाटायच्या वेळी आणि तोही थोड्या थोड्या गोळ्यात. आधी मिसळून ठेवला तर पाणी सुटून गोळा चिकट होतो, मग अजून मैदा लागतो आणि मग लेफ्सा चामड्यासारखा होतो. लाटायचं ते कापड ताणून बसवलेल्या गोल पाटावर. लाटण्याला खाचा असतात आणि त्यावर मोज्यासारखं कापड चढवलेलं असतं. तवा विजेचा, सोळा इंचांचा, २६० अंश सेल्सिअसवर तापवलेला. लाटलेला लेफ्सा इतका मोठा आणि मऊ असतो की हातानं उचलायला गेलं तर फाटतो. म्हणून ही काठी. ती मधोमध खाली सरकवायची, लेफ्सा तिच्यावर दुमडून उचलायचा आणि तव्यावर उलगडत न्यायचा. उलटायचाही हिनंच. तपकिरी ठिपके पडले की काढून कापडात गुंडाळून ठेवायचा, म्हणजे मऊ राहतो.

आजींचं स्वयंपाकघर गरम होतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, बाहेर काहीच दिसत नव्हतं. मधूनच बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा आवाज लांबून यायचा आणि विरून जायचा. लोण्याचा आणि कॉफीचा वास. मुलीला पिठाचा एक गोळा देऊन जमिनीवर बसवलं. आजींनी मला एप्रन बांधला, लाटणं हातात दिलं आणि मोठ्या विश्वासानं तव्याजवळ काठी घेऊन उभ्या राहिल्या.

माझा पहिला लेफ्सा आपल्या भूगोलाच्या बाईंनी लगेच ओळखला असता. खाली श्रीलंका वेगळी पडली होती. दुसरा पाटाला चिकटला. तिसऱ्याला मी भरपूर मैदा लावला, तो चिकटला नाही पण तव्यावर पुठ्ठा झाला. आजी काही बोलल्या नाहीत. पाचवा झाल्यावर म्हणाल्या, “तुमच्या भागात वेगळ्या पद्धतीनं लाटत असतील.”

मग मला राहवलं नाही. मी खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या चर्चमध्ये लेफ्सा करायला पंधरा बायका बसतात. उलटणाऱ्या पुष्कळ मिळतात, घड्या घालणाऱ्याही मिळतात. लाटणारी मिळत नाही. जिला लाटता येतं तिच्यासाठी जागा राखून ठेवतात.”

‘जागा राखून ठेवतात’ हे शब्द माझ्या कानात राहिले. का, ते पुढे सांगते.

मी लॅपटॉप उघडला. भिंत एकच असल्यामुळे आमच्या घरातलं वायफाय त्यांच्या स्वयंपाकघरात येत होतं. कराडला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. भावानं स्काइप लावून आईला समोर बसवलं. मी पाट दाखवला, गोळा दाखवला. आईनं पहिला प्रश्न विचारला, “पीठ कधी मिसळलंस? बटाट्याला पाणी सुटतं हं.” तिनं आयुष्यात लेफ्सा हा शब्द ऐकला नव्हता.

मग तेरा हजार किलोमीटरवरून तिनं मला लाटायला शिकवलं. “पिठी कमी लाव. पिठीनं चिकटत नाही, पण चपाती मरते.” “लाटणं ढकलू नको. ते आपलं आपण फिरतं, तू नुसती दिशा दाखव.” “मधून कडेला जा आणि कडेला पोचलीस की हात उचल. दाबून थांबलीस की फाटतं.” आजींना मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी येत नव्हतं. पण आईनं पडद्यावर हात उचलून दाखवला की आजी जोरात मान हलवायच्या. दहाव्या-अकराव्या लेफ्साला गोल आकार आला. कडा जाड राहिल्या, पण गोल. आजींनी तो काठीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर धरला, भाजला, त्यावर लोणी फासलं, साखर भुरभुरली आणि गुंडाळून माझ्या मुलीच्या हातात दिला. आई तिकडून ओरडली, “अगं, ही तर आपली तूप-साखरेची सुरळी!”

शाळेत मधल्या सुट्टीत आपल्यातल्या निम्म्यांच्या डब्यात तीच असायची. आठवते ना?

थोड्या वेळानं आजी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मुलगी कोचावर झोपली होती. मी लाटत होते आणि आई बघत होती. मी सहज विचारलं, “आई, तू मला हे कधीच का शिकवलं नाहीस?”

तुमच्यातले जे आमच्या घरी यायचे त्यांना माहीत आहे, माझी आई मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. मी ताट घ्यायला आत गेले तरी म्हणायची, “जा, अभ्यास कर.” मला त्याचा मोठा अभिमान होता. मी असं धरून चालले होते की स्वयंपाक हे कमी दर्जाचं काम आहे, ते हुशार मुलींनी करायचं नसतं, आणि हे माझ्या आईलाही मान्य आहे.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, लाइन तुटली. मग म्हणाली, “लग्न होऊन आले तेव्हा मी मॅट्रिकचा फॉर्म भरलेला होता. परीक्षेला दोन महिने होते. पहिल्या आठवड्यात सणाला पुरणपोळ्या केल्या. सगळ्यांनी नावाजलं. सासूबाई म्हणाल्या, आता आठवडाभर हिच्याच हातचं खाऊ. तो आठवडा काही अजून संपला नाही बघ.”

आणि मग म्हणाली, “तुला एकदा जमलं असतं ना, तर सगळ्यांनी तुलाच बसवलं असतं. ज्याला येत नाही त्याला कुणी बोलवत नाही. म्हणून नाही शिकवलं. काम वाईट नव्हतं गं. मला तर आवडतं ते. मला उठता येत नव्हतं, ते वाईट होतं.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आई म्हणाली, “थांबू नको, फाटेल.”

मित्रमैत्रिणींनो, आता मला खरं बोलायचं आहे ते बोलते. त्या क्षणी मला आई आठवली नाही, ती तर समोरच होती. मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचं नाव घेत नाही, तिनंच तशी ताकीद दिली आहे. पण तुम्ही सगळे ओळखाल.

नववीत आपलं वनभोजन संगमावर गेलं होतं. कार्यानुभवाच्या बाईंनी तीन दगडांच्या दोन चुली मांडायला लावल्या होत्या. बाकीच्या मुली आळीपाळीनं बसल्या आणि उठल्या. ही एकटी दोन तास लाटत होती, साठ जणांच्या चपात्या. मी झाडाखाली बसून वर्गणीचा हिशेब लिहीत होते आणि तिनं केलेल्या चार चपात्या मी खाल्ल्या. त्यानंतर आठवड्याभरात सरांनी गणिताच्या चाचणीचे पेपर वाटले. तिला नऊ मार्क होते. ती रडत होती. मी, तिच्या शेजारी बसणारी, तिची मैत्रीण, मोठ्यानं म्हणाले, “रडतेस कशाला? तुला चपात्याच लाटायच्या आहेत, त्याला गणित कशाला लागतं?”

वर्ग हसला. आज या सभागृहात बसलेले पुष्कळ जण तेव्हा हसले होते. पण वाक्य माझं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारून उठून शेवटच्या बाकावर गेली आणि दहावी संपेपर्यंत तिथेच बसली. मी तिला कधी विचारलंही नाही.

आईनं मला ज्या कामापासून राखलं, ते राखण्यामागे तिचं स्वतःचं दुःख होतं. मी त्यातलं दुःख सोडून दिलं आणि फक्त तोरा उचलला. आणि तो तोरा जिच्यावर काढला, तिच्याजवळ एक असं कौशल्य होतं, जे मला एकोणतिसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या पदवीसकट, पाच लेफ्से वाया घालवूनही येत नव्हतं. तिच्या हाताला दाब किती द्यायचा, पीठ आज सैल आहे की घट्ट, तवा किती तापला, हे सगळं एकाच वेळी कळत होतं. आम्ही यंत्राला असलं काही शिकवायला गेलो तर वर्षं जातात. आणि ती ते चौदाव्या वर्षी, धुरात बसून, साठ जणांसाठी करत होती. नॉर्वेच्या त्या आजींच्या चर्चमध्ये तिच्यासाठी जागा राखून ठेवली असती. आपण तिला शेवटचा बाक दिला.

त्या दिवशी साडेचारला सूर्य मावळला. तिकडे डिसेंबरात तसंच असतं. आजींनी खिडकीत विजेच्या मेणबत्त्या लावल्या. साठाच्या आसपास लेफ्सा झाले. कुणी घेऊन जायला येणार नव्हतं, म्हणून सहा-सहाच्या पुड्या बांधून आम्ही गल्लीतल्या घरांत वाटल्या. मी पुढे फावडं घेऊन, आजी दारातून हाक मारून सांगतायत कुठल्या घरी किती. दुसऱ्या दिवशी पहाटे शहरातल्या मेट्रोडोम नावाच्या मोठ्या स्टेडियमचं कापडी छप्पर बर्फाच्या ओझ्यानं फाटून खाली आलं. टीव्हीवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. आजी बघून म्हणाल्या, “मध्ये फार पातळ लाटलं होतं वाटतं.”

त्यानंतर दर डिसेंबरातला एक शनिवार ठरून गेला. मी लाटायची, आजी भाजायच्या, आई कराडहून चुका काढायची. २०१४ मध्ये आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या तेव्हा ही काठी त्यांनी मला दिली. त्यांच्या आईची होती. मी म्हणाले, नातींना द्या. त्या म्हणाल्या, “त्यांना दोन दिल्या आहेत. ही लाटणारीची.” त्या गेल्या, आणि २०१९ मध्ये आई गेली. आता डिसेंबरात माझी मुलगी तव्याजवळ उभी राहते. तिला मी लाटायलाही शिकवलं आहे आणि उठायलाही. मध्येच “माझा अभ्यास आहे” म्हणून ती उठून जाते, मग मी एकटी लाटते. नवरा उलटतो. त्याला अजून लाटायला बढती मिळालेली नाही.

या मेळाव्याचं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या त्या मैत्रिणीचा नंबर मिळवला. दहावीला तिचं गणित राहिलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिनं ते सोडवलं, हे मला तीस वर्षांनी कळलं. आज तिचं चपाती-भाजी केंद्र आहे, चौदा बायका तिच्याकडे काम करतात, आणि रोजचा पिठाचा, गॅसचा, पगाराचा हिशेब ती स्वतः ठेवते. गणित लागतं, सर. भरपूर लागतं.

मी फोनवर सगळं सांगितलं. वनभोजन, नऊ मार्क, माझं वाक्य. म्हणाले, मला माफी मागायची आहे. मला वाटलं होतं ती म्हणेल, ‘अगं, मला आठवतसुद्धा नाही.’ तसं म्हणणं सोपं असतं. ती म्हणाली, “आठवतंय मला. मंगळवार होता.”

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. नंतर म्हणाली, “माफी फोनवर नको. वाक्य सगळ्यांसमोर बोललीस ना? मग सगळ्यांसमोर माग. आणि मेळाव्याचं जेवण माझ्याकडेच आहे, दीडशे पानं. सकाळी सहाला लाटायला ये.”

म्हणून सगळ्यांसमोर म्हणते. मी चुकले. तुझी मान खाली जावी असं बोलले आणि वर तुझ्याच हातच्या चपात्या खाऊन बोलले. मला माफ कर. करायचीच असं नाही. पण मागायची होती.

आणि हो, मी आज सकाळी सहाला गेले होते. मला शेवटच्या पाटावर बसवलं होतं, तेही बरोबरच होतं. मी बावीस चपात्या लाटल्या. तिनं एकेक उचलून उजेडात धरून बघितली. अकरा पानात वाढायला घेतल्या, उरलेल्या अकरा बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, “यांचा उद्या कुस्करा करू.” ही काठीही तिनं हातात घेऊन पाहिली, वाकवून पाहिली आणि विचारलं, “पुरणपोळीला चालेल का?” चालेल. म्हणून ती आज तिच्याकडेच राहणार आहे. लाटणारीची आहे.

थोड्या वेळात तुम्ही जेवायला बसाल. चपाती मऊ, गोल, सगळीकडून सारखी असेल तर ती तिच्या केंद्रातली आहे. आणि एखाद्याच्या पानात जाड कडेची आली, तर ती माझी. कृपा करून टाकू नका.